एसटीत राहिलेला हार

आमच्या घरात कोणी थाप मारली, की तिला थाप म्हणत नाहीत. ‘हार एसटीत राह्यला’ म्हणतात. पोरगा लहानपणी सांगायचा, गृहपाठ केला होता पण वही शाळेत विसरली, की माझी बायको पोळी लाटता लाटता मान वर न करता म्हणायची, “हाव, हार एसटीत राह्यला.” मी कापसाच्या जिनिंगमधून उशिरा यायचो, वजनकाट्यावर गाड्यांची गर्दी होती म्हणून सांगायचो, की पुन्हा तेच. नातवंडं आता पुण्याला असतात. त्यांना वऱ्हाडी धड येत नाही, पण मोबाइलची बॅटरी संपली होती असं कोणी म्हणालं की हे एक वाक्य ती अस्सल ठसक्यात फेकतात.

हा हार माझ्याच लग्नातला, आणि तो एसटीत विसरला माझा मामा. आईचा सगळ्यात धाकटा भाऊ, माझ्याहून सात-आठ वर्षांनीच मोठा. गाव संग्रामपूरकडचं. आमच्याकडे नवरदेवाच्या गळ्यात नोटांचा हार घालायची रीत आहे. कोऱ्या नोटांच्या पंख्यासारख्या घड्या घालायच्या, त्या जरीच्या दोऱ्यात ओवायच्या, खाली पुठ्ठ्याचं बेगडी पदक. पहिला मान मामाचा, मग जावयाचा. माझ्या लग्नात मामा वेळेवर आला, पण रिकाम्या हातानं. हाराचं विचारलं तर म्हणाला, एसटीत राहिला. मग माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, म्हणजे धाड गावच्या भाऊजींनी, दहाच्या नोटांचा बेंबीपर्यंत लोंबणारा हार माझ्या गळ्यात घातला. लग्नाच्या फोटोत तो हार माझ्यापेक्षा जास्त जागा अडवून आहे. मामा फोटोच्या कडेला उभा आहे आणि भलतीकडेच पाहतो आहे.

मामा तसा हसरा माणूस. पन्नास वर्षं आम्ही त्याच्या तोंडावर हे वाक्य वापरलं, त्यानंही हसून साजरं केलं. त्या वाक्याचा मालकच तो, त्याला कशाचा राग येणार असं आम्ही धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी पोरांनी ठरवलं, आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात, तर आमच्या जळगाव जामोदलाच मंगल कार्यालयात कार्यक्रम करायचा. मी नको नको म्हणालो, म्हणजे माझं होकाराचं नको. बायकोनं त्याच दिवशी साडी पाहायला सुरुवात केली. आमंत्रणं गेली आणि दोन दिवसांनी मामाचा फोन आला. त्याला फोनवर ओरडायची सवय आहे. समोरचा माणूस जितका लांब तितका आवाज मोठा, असा त्याचा हिशेब.

“भाच्या,” तो ओरडला, “हार एसटीत राह्यला नोता.”

मला वाटलं, कोणाच्या तरी थापेबद्दल बोलतो आहे. मी म्हणालो, “कोनाचा?”

“तुहा बे! तुह्या लग्नातला! तो माह्याजवळच हाये. पेटीत. अन् तो आता कोटीचा झाला.”

मामाच्या नातवाच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला होता. जुनी एक रुपयाची नोट असेल तर घरबसल्या लाख रुपये मिळवा. मामानं तो व्हिडिओ पाहिला, परत लावायला सांगितला, आणि आतल्या खोलीत जाऊन पेटी उघडली. हारात एक रुपयाच्या शंभर नोटांची अख्खी गड्डी ओवलेली. एका नोटेचे लाख, तर शंभर नोटांचे किती, हे त्यानं मला विचारलं. मी आयुष्यभर कापसाची प्रत ठरवत आलो, क्विंटलचे भाव तोंडावर, पण त्या दिवशी शून्यं मोजायला मला बायकोच्या हाताची बोटंही घ्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी मामा स्वतःच आला. हातात मिठाईचा मोठा खोका, वरून सुतळी, सुतळीवर मामीच्या हाताची गाठ. आम्ही दार लावून घेतलं. का लावलं ते मला आजही सांगता येणार नाही, कोटीभर रुपये घरात असले की दार लावत असावेत. खोका उघडल्यावर आधी कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचा वास आला, मग हार दिसला.

काय हार होता तो! जांभळट निळ्या नोटा, एकेकीची घडी अशी बारीक, जणू नव्या साडीच्या निऱ्या. कुठे फाटलेली नाही, कुठे मळ नाही. मी चिमटीत एक कड धरली. नोटेचा कागदही कापसाचाच असतो, आणि कापूस माझ्या बोटांना खोटं सांगत नाही. त्या नोटांनी एकदाही बाजार पाहिला नव्हता.

“टाचनी कुठीच नाही लावली,” मामा म्हणाला. “तुह्या मानेले टोचली असती. सारा हार दोऱ्यानं बांधला. म्या अन् तुह्या मामीनं. तवा तिचंही वय कितीसं, तिची बोटं बारीक होती.”

बायको माझ्याकडे पाहायला लागली, मी मामाकडे. मग तिनंच विचारलं, “मामा, मंग घातला काऊन नाही?”

मामानं सगळं सांगितलं, पण खोक्यातला पाला निवडता निवडता, आमच्याकडे न पाहता. त्या सकाळी जानवशात सगळे वऱ्हाडी बसले होते. मामाही येऊन पिशवी मांडीवर घेऊन बसला. तेवढ्यात भाऊजींनी आपला दहाच्या नोटांचा हार काढून सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, एक-दोनच्या नोटांचा हार ज्याला घालायचा असेल त्यानं तो पोळ्याला बैलाच्या गळ्यात घालावा. सगळा जानवसा हसला. मामाही हसला. आणि पिशवी हळूच खाली सरकवली.

“त्याईले माहीत नोतं मामा, तुह्या पिशवीत काय हाये ते,” मी म्हणालो.

“नोतंच माहीत. म्हनून तं लय लागलं. माहीत असून बोलले असते तं भांडलो असतो. आता जवायासंग काय भांडाव?”

पन्नास वर्षं आम्ही ज्या वाक्यावर हसलो त्या वाक्याखाली हा माणूस आपला हार घेऊन बसला होता. बायकोनं पदर तोंडाला लावला आणि मामासाठी चहा टाकायला म्हणून उठून गेली.

पण मामा मात्र रडायला आला नव्हता. तो आनंदात होता, अगदी उतू चालला होता. “भाच्या, मले कोटी नको,” तो म्हणाला. “त्याचं तुमी पोट्टे काय करायचं ते करा. मले फक्त याची किंमत पाह्यजे. पक्की, जानकारानं काढलेली. तुह्या कार्यक्रमात जवाई येतीन. मी माईक घेईन अन् सांगीन. त्याईच्या हारापेक्षा माह्या हाराची किंमत एक रुपया जास्त निंघाली तरी बस. माही जिंदगी वसूल.”

आता माझी पंचाईत ऐका. मला एक गोष्ट माहीत होती जी त्या घरात दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हती, माझ्या बायकोलाही नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझी थोरली बहीण मला विहिरीजवळ गाठून म्हणाली होती, तो हार गुपचूप परत दे, त्या नोटा एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडून मागून आणल्या आहेत, आज नाही पोचल्या तर यांची शोभा होईल. मी हार धोतरात गुंडाळून तिच्या हाती दिला. ती म्हणाली, “कोनाले सांगशीन नोको, तुले माही आन.” म्हणजे मामानं ज्या हाराला लाजून आपला हार लपवला, तो हार एक रात्रीचा पाहुणा होता. जीभ माझी नुसती वळवळत होती. पण बहिणीची शपथ, आणि तीही धाडला बसून या कार्यक्रमासाठी नवा ब्लाउज शिवून घेत होती. बोलावं तर तिच्या नवऱ्याची म्हातारपणी अब्रू, न बोलावं तर मामाचा जीव. मी चहा प्यालो आणि गप्प बसलो.

त्या दिवशी बाकी आमच्या घरात बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी चाललं होतं. बायकोनं कोटीतून आधी सगळ्या नातेवाइकांना एकेक शिलाई मशीन दिली, मग म्हणाली, नको, आजकाल कोण शिवतं, आणि दिलेल्या मशिनी परत घेतल्या. मी गच्चीवर एक खोली बांधली. तिनं तिला उत्तरेकडून खिडकी काढली, सातपुडा दिसला पाहिजे म्हणून. त्या खिडकीवरून आमचं खरंखुरं भांडण झालं. मामा दोन्हीकडून होकार देत होता.

खामगावला एक कापड दुकानदार आहे, त्याला जुन्या नोटांचा आणि नाण्यांचा नाद. लांबलांबच्या प्रदर्शनांत दुकान मांडून बसतो. माझ्या मुलानं पुण्याहूनच त्याचा नंबर काढला आणि आम्ही निघालो. मुलगा भाड्याची गाडी करून देतो म्हणाला. मामानं साफ नाकारलं.

“एसटीनंच जायचं. बिचाऱ्या एसटीले म्या पन्नास वर्षं उगाच बदनाम केलं. तिच्यात बसून हार कसा सुखरूप जाते ते पाहू दे लोकाईले.”

लोकांना त्यातलं काही माहीत नव्हतं, पण मामा ऐकेना. त्याला वयामुळे तिकीट फुकट, मला अर्धं. त्यानं खोका मांडीवर घेतला आणि कंडक्टरला स्वतःहून सांगितलं, “यात काही नाही, मिठाई हाये.” कंडक्टरनं विचारलंच नव्हतं. पुढच्या सीटवरच्या बाईनं मागे वळून पाहिलं. मामानं तिलाही सांगितलं, मिठाई आहे, पण शिळी आहे. नांदुऱ्याला गाडी बदलायची होती. खाली उतरलो, गाडी हलली, आणि मामा दोन्ही हात वर करून गाडीमागे धावत सुटला, “हार! हार राह्यला! अहो थांबा!” फलाटावरची माणसं वळून पाहायला लागली. एकानं ड्रायव्हरच्या बाजूनं पत्र्यावर थापा मारल्या, गाडी थांबली. खोका माझ्या काखेत होता. त्यानंच उतरताना तो माझ्याकडे दिला होता. मी तो दाखवल्यावर मामा तिथंच पायरीवर बसला आणि इतका हसला की कंडक्टरलाही हसू आवरेना. मला तर हसून हसून उचकी लागली, ती खामगावपर्यंत राहिली.

दुकानदार पन्नाशीचा, गोल चष्म्याचा, अघळपघळ माणूस. त्यानं गादीवर पांढरं कापड अंथरलं, हात पुसले आणि आधी आमचं कोटीचं भूत उतरवलं.

“बाबाजी, ते लाख रुपये देणारे लोक आधी तुमच्याचकडून नोंदणीचे पैसे मागतात. पैसे घेतले की फोन बंद. नोट जुनी म्हणून महाग नसते. किती छापल्या, त्यातल्या कोऱ्या किती उरल्या, नंबर कसा आहे, सही कोणाची आहे, हे सगळं पाहावं लागते. तुमच्या या नोटा तेव्हा ढिगानं छापल्या होत्या.”

मामाचा चेहरा उतरला. आमची उत्तरेची खिडकी तर तिथंच बंद झाली. पण मी माल घेणाऱ्यांमध्येच आयुष्य काढलेलं. कापूस कितीही पांढराशुभ्र असो, घेणारा आधी नाक मुरडतो, ओल आहे म्हणतो, कवडी म्हणजे किडका माल आहे म्हणतो, आणि हे सगळं म्हणत असताना त्याचा हात मात्र कापसातून निघत नाही. या माणसाचा हात हारातून निघत नव्हता. मी मामाचा गुडघा दाबला.

त्यानं भिंग लावलं. एकेक घडी जराशी उकलून नंबर पाहिले. पुढचा, त्याच्या पुढचा. सगळे ओळीनं. मग पाठीमागून दोरा पाहिला. “टाचणी नाही?” तो पुटपुटला. “गंजाचा डाग नाही?” मग पदकाजवळ नाक नेलं. “हे काय? हळद?”

मामा ओशाळला. “ते आमच्या घरचीनं केलं जी. दर दिवाळीले लक्ष्मीपूजनात हार काढे अन् पदकाले हळदकुंकू लावे. म्या म्हनो, लावू नोको. ते म्हने, लक्ष्मी हाये, पेटीत कोंडून ठेवली, वर्षातून एकडाव तं टिकली लावू द्या.”

दुकानदारानं मान हलवली. हळद नसती तर बरं झालं असतं, म्हणाला, पण नोटांवर फार आली नाही. मग तो चष्मा काढून मामाकडे पाहायला लागला.

“बाबाजी, सुट्या केल्या तर या नोटांत काही नाही. प्रत्येकीवर घड्या पडल्या, घडी पडली की किंमत पडली. पण असा अख्खा हार मी अजून पाहिला नाही. सगळे लोक लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हार मोडतात अन् नोटा खर्चतात. हा मोडला कसा नाही?”

“राहून गेला,” मामा म्हणाला.

“अन् हा कोणी घातला होता का? खरं सांगा. एकदाही?”

मामा छाती पुढे काढून म्हणाला, “एकडावही नाही. कोनाच्याच गळ्यात नाही.”

“मग याचे मी अकरा हजार देतो,” दुकानदार म्हणाला. “मात्र असाच पाहिजे. न घातलेला. गळ्यात घातला की घाम लागते, दोऱ्याला ओढ बसते, अन् दोरा आता जीर्ण झाला आहे. एकदा घातला की मग त्या तुमच्या चुरगळलेल्या शंभर नोटा. त्याचे शंभर रुपये.”

कोटीवरून अकरा हजारांवर आलो म्हणून मी मनात गाडी रिव्हर्स घेत होतो. तोवर मामानं माझा दंड धरला. “भाच्या, जवायाचा हार कितीचा असन?”

“असन पाचशेचा.”

“पाचशेचा!” मामा गादीवरून उठलाच. “अन् माहा अकरा हजाराचा! एक रुपयावाला हार! पाह्य बाप्पा, पाह्य!” त्याला आभाळ ठेंगणं झालं. दुकानदाराला त्यानं मिठी मारली, त्याचा चष्मा खाली पडला, शेजारच्या गिऱ्हाइकांनी साड्या पाहायच्या सोडून आमच्याकडे पाहिलं. तो हार भाऊजींचा नव्हताच, उसना होता, हे माझ्या ओठांपर्यंत आलं आणि परत गेलं. कार्यक्रम झाला की हार आणून देतो असा शब्द मामानं दिला. दुकानदार म्हणाला, मी दुसऱ्या दिवशी फोन करतो, विसरू नका.

कार्यक्रमाच्या दिवशी आमचं म्हातारा-म्हातारीचं पुन्हा लग्न लागल्यासारखा थाट. पोरांनी मला फेटा बांधला, तो डोळ्यांवर येत होता. बायको हिरव्या साडीत इतकी देखणी दिसत होती की मी दोनदा बोलायला गेलो आणि दोनदा विसरलो. भाऊजी धाडहून जीपनं आले, हातात काठी, कानाला यंत्र, बाजूला बहीण नव्या ब्लाउजात. मी बहिणीकडे पाहिलं. तिला काही कळलं नाही, तिनं मला पेढा भरवला.

जेवणाच्या आधी मामानं माईक मागून घेतला. माईक हातात असूनही तो ओरडलाच, कार्यालयातल्या सगळ्या बायकांनी कानांवर हात ठेवले. त्यानं खोका उघडला आणि हार दोन्ही हातांनी उंच धरला.

“मंडळी, हा हार एसटीत राह्यला नोता! म्या लपवला होता. एक रुपयाच्या नोटाईचा होता म्हनून लाज वाटली. आज याची किंमत खामगावच्या जानकारानं काढली. अकरा हजार! जवाईबापू, ऐकू येते ना? अकरा हजार!”

आधी टाळ्या, मग हशा. माझी नातवंडं खुर्च्यांवर उभी राहिली. ज्या वाक्यावर ती वाढली त्या वाक्यातला हार त्यांना प्रत्यक्ष दिसत होता. भाऊजी काठी टेकत हळूहळू मामाजवळ आले. हार चष्म्याजवळ नेऊन पाहिला. बराच वेळ पाहिला.

“मग मामा, घाल ना त्याच्या गळ्यात,” ते म्हणाले. “आता कशाची वाट पाहायलास?”

“घातला की किंमत जाते जी. मंग शंभराचा.”

“आन् नाही घातला तर?”

“तं अकरा हजार.”

भाऊजी मामाच्या कानाशी वाकले. आपण हळू बोलतो आहोत अशी त्यांची समजूत होती. पण त्यांना ऐकू कमी येतं, आणि माईक मामाच्या हातात, दोघांच्या मध्ये, चालूच होता.

“मामा, माझा हार माझा नव्हताच. उसना व्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेला. मोठेपणा मारायला आणला व्हता मी, आन् त्या बैलाचं बोललो ते बी मोठेपणा मारायलाच. मला काय माहीत तू पिशवी घेऊन बसला व्हतास. या पोराच्या गळ्यात खरा हार आजवर पडलाच नाही रे. घाल.”

ते ‘घाल’ कर्ण्यातून आचाऱ्यांपर्यंत गेलं. बहिणीनं डोक्याला हात लावला. मग माझ्याकडे पाहिलं, मी दोन्ही कान धरून मान हलवली, मी नाही सांगितलं म्हणून. ती हसायला लागली. एवढं हसली की तिला खुर्चीवर बसवावं लागलं.

मामानं आधी भाऊजींकडे पाहिलं, मग त्यांच्या काठीकडे. मला भीती वाटली, आता हा रडतो की काठी हिसकावतो. त्याच्या डोळ्यांत पाणी आलंच, पण त्याबरोबर त्याच्या पोटातून असं काही हसू उसळलं की माईक खाली पडून शिट्टी वाजायला लागली.

“उसना!” तो म्हणाला. “अन् म्या पन्नास वर्षं… उसन्या हाराले लाजलो बे मी!”

मग त्यानं मागचा-पुढचा विचार न करता हार माझ्या गळ्यात टाकला. फेटा आडवा आला, हार अडकला, मामानं ओढला, आणि जरीचा दोरा तुटला. शंभर नोटा कार्यालयाच्या पंख्याखाली उडाल्या. एक माझ्या ओठाला चिकटली. एक कढीच्या पातेल्यात पडली. नातवंडं उड्या मारून झेलत होती, बायकोनं पदर पसरला आणि अर्ध्या त्यात धरल्या. मामा आणि भाऊजी एकमेकांच्या खांद्याला धरून उभे होते आणि काठीनं दाखवत होते, तिकडं एक गेली, ते पाह्य खुर्चीखाली. मी गळ्यात तुटका दोरा आणि छातीवर हळदीचं पदक घेऊन मध्ये उभा होतो. नवरदेव म्हणून लग्नात मला इतका आनंद झाला नव्हता, हे मी बायकोच्या देखत म्हणालो, आणि तिनं चक्क मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सगळे आमच्याकडेच होते. मामा ओसरीवर भाऊजींबरोबर सुपारी कातरत बसला होता, नोटा पोरांनी कधीच वाटून घेतल्या होत्या. ठरल्याप्रमाणे खामगावहून फोन आला. दुकानदार विचारत होता, बाबाजी हार घेऊन कधी येता. मी फोन कानापासून लांब धरून बायकोकडे पाहिलं. मामानं सुपारी थांबवली. भाऊजी कानाचं यंत्र बसवायला लागले. बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला, घसा साफ केला आणि अगदी गंभीर आवाजात म्हणाली, “भाऊ, काय सांगू तुमाले. हार एसटीत राह्यला जी.”